शिवणीच्या आतले शरीर

ऑक्टोबर १९९६. पॅरिसच्या फॅशन सप्ताहात जपानच्या रेई कावाकुबो यांनी आपल्या ‘कॉम दे गार्सों’ या कंपनीचा, १९९७च्या उन्हाळ्यासाठीचा संग्रह सादर केला. कापड पाहावे तर अगदी साध्या वळणाचे. लाल-पांढऱ्या, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे, ओढले की ताणणारे, अंगासरशी बसणारे. त्या कापडाच्या आत मात्र पिसांनी भरलेले पॅड होते, आणि जिथे कुणी कधी पॅड लावत नाही अशा जागी होते. एका मॉडेलच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका उंचवटा गेला होता. दुसरीची कंबर एकाच बाजूने फुगली होती. कुणाच्या पोटावर गोळा, कुणाच्या मानेमागे. उजवी बाजू डावीशी जुळायचे नाव घेत नव्हती. ‘शरीर कपड्याला भेटते, कपडा शरीराला भेटतो’ अशा अर्थाचे नाव कावाकुबो यांनी संग्रहाला दिले होते. वृत्तपत्रांनी मात्र ‘गाठी आणि टेंगळे’ म्हणून त्याचे बारसे केले आणि पुढे तेच नाव जगभर रुळले.

विसाव्या शतकातल्या वस्त्रकलेत जे काही थोडे खरोखर नवे घडले, त्यात हा संग्रह मोडतो असे माझे ठाम मत आहे. विचित्र दिसतो म्हणून मी हे म्हणत नाही. विचित्र कपडे दर हंगामात ढिगाने येतात आणि विसरले जातात. या कपड्यांनी शिवणकामाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट उघडी केली, आणि ती समजून घ्यायची तर आधी शिवणकामाकडेच वळले पाहिजे.

कापड सपाट असते आणि अंगाला गोलाई असते. सपाट कापड गोलाईवर बसवण्यासाठी शिंपी काय करतो? टक्स घालतो, मुंढा कोरतो, कळ्या जोडतो, खांद्याला उतार देतो. यातली प्रत्येक कृती म्हणजे अंगाविषयी घेतलेला एक निर्णय असतो. छाती इथे, कंबर इथे, खांदा एवढा. म्हणून शिवलेला कपडा हँगरवर नुसता लटकत असला तरी त्याच्या आत एक शरीर आधीच असते. नऊवारीची घडी कपाटात असते तेव्हा ती नुसती वस्त्राची लांबी असते. ती नेसणाऱ्या बाईच्या अंगावर आकार घेते, आणि आई नेसली तर एक, लेक नेसली तर दुसरा. तिच्याबरोबरच्या ब्लाउजचे तसे नसते. त्यात एका विशिष्ट अंगाचा साचा कायमचा शिवलेला असतो, आणि ते अंग बदलले की ब्लाउज उसवावा लागतो.

युरोपात हा आतला साचा फार पुढे गेला. तिथे शतकानुशतके कपड्याने अंगाच्या मागे जाणे पुरेसे मानले गेले नाही. आधी अंगच घडवायचे, मग त्यावर कपडा चढवायचा. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या घालून शिवलेल्या कॉर्सेटने कंबर आवळली जाई. १८५६च्या सुमारास पोलादी कड्यांचा सांगाडा आला, क्रिनोलिन नावाचा. त्याआधी घागरा फुगवण्यासाठी एकावर एक जड परकर चढवावे लागत, त्यांत घोड्याच्या केसांनी विणलेलेही असत. पोलादी सांगाड्याने ते ओझे उतरवले, पण बाईचा घेर मात्र खोलीच्या दाराशी भांडू लागला. १८७० आणि १८८०च्या दशकांत सगळा फुगवटा मागे सरकला आणि बसल हा प्रकार रूढ झाला. कमरेच्या मागे, पार्श्वभागावर बांधलेली गादी किंवा पिंजरा, आणि त्यावरून ओघळणारा झगा. बाजूने पाहिले तर मानवी शरीराशी त्या आकृतीचे नाते सांगणे अवघड जावे. तरी त्या काळातल्या सभ्य घरांत ती आकृती विद्रूप मानली जात नव्हती, उलट तशी दिसत नसलेली बाई नीट पोशाख न केलेली समजली जाई.

हे सगळे जुन्या जमान्यातले म्हणून बाजूला सारता येत नाही. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन दिओर यांनी पॅरिसमध्ये जो पहिला संग्रह दाखवला, ज्याला पुढे ‘न्यू लुक’ म्हटले गेले, त्यातल्या प्रसिद्ध ‘बार’ जॅकेटची नजाकत त्याच्या आतल्या भरणीत आहे. कंबर बारीक दिसते ती थोडी आवळल्यामुळे आणि पुष्कळशी खालच्या घेराला आतून पॅड लावल्यामुळे. पुरुषांचा कोट याहून वेगळा नाही. खांद्यात पॅड, छातीवर कडक कॅनव्हास आणि घोड्याच्या केसांचे अस्तर. लग्नात नवरदेव ऐटदार दिसतो त्यात या भरणीचा वाटा मोठा असतो. आणि हल्ली साडीखाली परकराऐवजी जे ताणणारे शेपवेअर घालतात, तेही याच घराण्यातले.

म्हणजे पॅड नवे नव्हते. पॅडच्या जागा ठरलेल्या होत्या. बाईला छातीवर आणि कमरेखाली, पुरुषाला खांद्यावर. या जागांवरची भरण डोळ्यांना भरण म्हणून दिसतच नाही, ती ‘चांगली फिगर’ म्हणून दिसते. कावाकुबो यांनी तीच भरण उचलली आणि चार बोटे इकडे, वीतभर तिकडे सरकवली. एवढ्यानेच सभागृह अस्वस्थ झाले.

त्यातही कापडाची निवड मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. हेच पॅड जाड, ताठ कापडाखाली घातले असते तर ते वरून लावलेल्या शोभेसारखे दिसले असते. ताणणारे तलम कापड आपण घालतो ते खरे अंग दाखवण्यासाठी. पोहण्याचा पोशाख, नर्तकाचा पोशाख, व्यायामाचे कपडे, सगळ्यांमागे हाच हेतू असतो. घट्ट कपडा खोटे बोलत नाही असा आपला विश्वास असतो. कावाकुबो यांनी त्या विश्वासाचाच वापर केला. कापड घट्ट होते म्हणून पाहणाऱ्याच्या डोळ्याने उंचवट्याला आधी मांस मानले. तो पॅड आहे हे मनाला कळायला क्षणभर उशीर लागला. कपडा कुठे संपतो आणि अंग कुठे सुरू होते, हे त्या क्षणी सांगता येत नव्हते.

कावाकुबो यांचा जन्म १९४२चा, टोकियोचा. केइओ विद्यापीठात त्यांनी ललित कलांचा अभ्यास केला. मग असाही कासेई या कृत्रिम धागे बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी, पुढे स्वतंत्र स्टायलिस्टचे काम. छायाचित्रांसाठी हवे तसे कपडे बाजारात मिळेनात म्हणून त्या स्वतःच करून घेऊ लागल्या. १९६९मध्ये कॉम दे गार्सों हे नाव त्यांनी घेतले आणि १९७३मध्ये कंपनी स्थापन केली. कापड बेतण्याचे किंवा शिवण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. या गोष्टीचा त्यांच्या कामावर खोल परिणाम झाला आहे. रेखाटन करून ‘हे असे शिवा’ असे सांगणारा डिझायनर नकळत हाताला सवय असलेल्या आकृतीकडेच वळतो. कावाकुबो आपल्या पॅटर्न कटरना शब्दांत काहीतरी सांगतात, कधी एखादी वस्तू दाखवतात. एकदा त्यांनी चुरगाळलेला कागद समोर ठेवला आणि या कागदात जे आहे ते कपड्यात आणायला सांगितले, हा प्रसंग फॅशनच्या अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. त्या पॅटर्न कटरांची नावे बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात. पण चुरगळलेल्या कागदातून मुंढा आणि बाही काढणारे हे कारागीर नसते, तर या कपड्यांतला एकही उभा राहिला नसता.

१९८१मध्ये कावाकुबो आणि दुसरे जपानी डिझायनर योहजी यामामोतो पॅरिसला आले. तेव्हाच्या पॅरिसमध्ये झगमगाट होता, रुंद खांदे होते, उंच टाचा होत्या. यांचे कपडे काळे, सैल, कडा न दुमडलेले. १९८२मध्ये कावाकुबो यांनी भोके पडलेला एक लोकरी स्वेटर दाखवला. विणण्याच्या यंत्राचे स्क्रू थोडे सैल करून त्यांनी ही भोके पाडून घेतली होती. एकसारखी वीण हे यंत्राचे सामर्थ्य, तर यंत्राला चुकायला लावून हाताच्या कामातला अनियमितपणा परत आणायचा, असा तो विचार होता. पाश्चात्त्य समीक्षकांपैकी काहींनी मात्र या काळ्या, फाटक्या दिसणाऱ्या कपड्यांचे नाते सरळ हिरोशिमाशी जोडले. डिझायनर जपानी आहे म्हणून तिच्या स्वेटरच्या भोकात अणुबॉम्ब पाहणे ही मला समीक्षेतली मोठी हेळसांड वाटते. तिने यंत्राचे काय केले, हे पाहण्याचे कष्टही मग कुणी घेत नाही.

जपानी परंपरेचा धागा या कामात आहे, पण तो दुसरीकडे आहे. किमोनोचे कापड साधारण ३६ सेंटिमीटर रुंदीचे असते आणि ते सरळ रेषांतच कापले जाते. मुंढ्याची गोलाई नाही, टक्स नाहीत. कापड अंगाचा माग काढत नाही, अंगाभोवती उभे राहते, आणि कापड व अंग यांच्यामधल्या मोकळ्या जागेलाही तिथे मोल असते. इस्से मियाके, यामामोतो आणि कावाकुबो या तिघांनी आपापल्या रीतीने ही मोकळी जागा पॅरिसला नेली. खुद्द युरोपात क्रिस्तोबाल बालेन्सियागा हा स्पॅनिश उस्ताद स्वतःच्या वाटेने तिथेच पोचला होता. १९५७चा त्याचा ‘सॅक’ ड्रेस कमरेला चक्क टाळून खांद्यापासून खाली उतरत होता, आणि दिओरच्या आवळलेल्या कमरेला सरावलेल्या लोकांना तो बाईचा अपमान वाटला होता. हा पूर्वइतिहास लक्षात घेतला की १९९७च्या संग्रहाचे धाडस अधिक कळते. पंधरा वर्षे कावाकुबो अंगापासून दूर राहणारे कपडे करत होत्या. आता त्यांनी कापड अंगाला घट्ट लपेटले, आणि तरीही आतले अंग सापडू दिले नाही.

पॅडशी असे खेळणाऱ्या त्या पहिल्याच नव्हत्या, हेही नोंदवले पाहिजे. ब्रिटिश डिझायनर जॉर्जिना गॉडली हिने १९८६मध्येच पोट, कुल्ले, पार्श्वभाग फुगवणारी अंतर्वस्त्रे घालून संग्रह केला होता. आणि योगायोग असा, की कावाकुबो यांच्या गाठी आल्या त्याच सुमारास पॅरिसमध्ये मार्टिन मार्जिएला या बेल्जियन डिझायनरने शिंप्याकडची डमीच कपडा म्हणून अंगावर चढवली. स्टॉकमन कंपनीच्या डमीवर असते तसेच जाड लिननचे, तसेच शिक्के असलेले जाकीट. एकाने साचा उचलून माणसाच्या अंगावर घातला, दुसरीने तो आतून वाकवला. शिवणीच्या आतले ते न बोललेले शरीर दोघांनाही त्याच वर्षी खुपत होते.

संग्रहावर टीका झाली ती जिव्हारी लागणारी होती. नोत्र दामच्या कुबड्याची आठवण काढली गेली. गळू, अर्बुद असे शब्द वापरले गेले. काही नामवंत मासिकांनी पॅड काढून टाकून कपड्यांची छायाचित्रे छापली, म्हणजे मुद्दा वगळून उरलेली चौकडी छापली. मला इथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाठीला बाक आलेली माणसे, एक खांदा उंच असलेली माणसे, गाठ असलेली, पोट सुटलेली, कमरेत कललेली माणसे आपल्यात रोज वावरतात. त्यांच्यासारखी आकृती कापडात दिसली म्हणून ती किळसवाणी ठरते, तर आपण त्या माणसांकडे कोणत्या नजरेने पाहतो? टीकाकारांनी कपड्याला नावे ठेवली. ती नावे मुळात माणसांना ठेवलेली होती.

नर्तक आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी हे कपडे निराळ्या डोळ्यांनी पाहिले. यांत आपल्याला रोजचेच आकार दिसतात असे त्यांचे म्हणणे होते. रेनकोट घालून पाठीवर पिशवी अडकवलेला माणूस, किंवा कडेवर मूल घेतलेली बाई. खरोखर, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची सावली पाहिली तर ती शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी कधी नसते. सावलीत पिशवी असते, मूल असते, छत्री असते. कनिंगहॅम यांनी कावाकुबो यांना आपल्या ‘सिनारियो’ या नृत्यासाठी वेशभूषा, मंच आणि प्रकाशयोजना करायला सांगितले. ऑक्टोबर १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते पहिल्यांदा सादर झाले. संगीत ताकेहिसा कोसुगी यांचे. मंच पूर्ण पांढरा, वर ट्यूबलाइटचा सपाट उजेड. नर्तक आधी चौकड्या आणि पट्ट्यांच्या कपड्यांत आले, नंतर काळ्या, शेवटी लाल.

कनिंगहॅम यांच्या पद्धतीत नृत्य, संगीत आणि नेपथ्य एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार होत आणि शेवटी एकत्र येत. म्हणजे हालचाली बसल्या होत्या सरळ अंगावर, आणि सादर करायच्या होत्या पॅड चढवून. वर्षानुवर्षे घोटून तयार झालेला तोल इथे बदलावा लागला. वळायला किती जागा लागते, शेजारच्या नर्तकापासून किती अंतर ठेवायचे, उडी मारून उतरताना भार कुठे येतो, याचा अंदाज नव्याने घ्यावा लागला. पाहणाऱ्याच्या बाजूनेही काही घडते. उंचवटा स्थिर उभा असतो तेव्हा तो विकृती वाटू शकतो, तोच अंगाबरोबर वळू, झुकू, धावू लागला की ते एक निराळ्या जातीचे, पण सबंध शरीर वाटू लागते. ‘कुणाला काय झाले आहे’ हा प्रश्न मागे पडतो. फॅशनच्या मंचावर सरळ चालत जाणाऱ्या मॉडेलला हे साधता येणे कठीण होते, नृत्याने ते साधले.

सप्टेंबर १९९८मध्ये लंडनला डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी कपडा आणि अंग यांच्या सीमेच्या या प्रश्नाला खऱ्या शरीराच्या बाजूने हात घातला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली अमेरिकन खेळाडू एमी मलिन्स त्यांच्या मंचावर चालली. मॅक्वीननी तिच्यासाठी अ‍ॅश वृक्षाच्या लाकडात कोरलेले, वेलबुट्टीचे कृत्रिम पाय करवून घेतले होते. पाहणाऱ्यांपैकी काहींना ते उंच बूट वाटले. तिथे भरण नव्हती, उणीव झाकण्याची धडपडही नव्हती. अवयव आणि अलंकार यांच्यातली सीमाच पुसली होती, आणि हे कावाकुबो यांच्या कामाला दिलेले सर्वांत सुंदर उत्तर आहे असे मी मानते.

याउलट कावाकुबो यांच्या संग्रहाची एक मर्यादा मला डाचत राहते. पॅडखालच्या मॉडेल शेवटी फॅशनच्या नेहमीच्याच होत्या. तरुण, उंच, सडपातळ. उंचवटा काढून ठेवला की आत तोच जुना साचा. ज्या बाईच्या पाठीला खराच बाक आहे, तिला तिच्या मापाचा ब्लाउज या संग्रहामुळे मिळाला नाही. कलेने प्रश्न विचारणे आणि कारागिराने कपडा बेतून देणे यांत अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट अजून पुष्कळ मागे आहे.

कावाकुबो स्वतः तिथे थांबल्या नाहीत. २०१२च्या हिवाळ्यासाठी त्यांनी उलट टोक गाठले. फेल्टचे भडक रंगांचे कपडे, कागदी बाहुलीच्या पोशाखासारखे पूर्ण सपाट, जणू आत अंगच नाही. २०१४च्या उन्हाळ्याच्या संग्रहापासून तर त्यांनी नेहमीच्या अर्थाने कपडे करायचे नाहीत असे ठरवले, आणि मंचावर येऊ लागल्या त्या बाह्याही नसलेल्या, अंगाभोवती उभ्या केलेल्या आकृती. २०१७च्या हिवाळ्यात पांढऱ्या भरणीच्या कच्च्या मालातूनच प्रचंड गोलाईचे देह उभे राहिले. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कापडाखाली लपलेला पॅड आता बाहेर येऊन स्वतःच कपडा झाला होता. दरम्यान आयरिस व्हान हेर्पेन या डच डिझायनरने २०१०मध्ये त्रिमितीय छपाईने बनवलेला पोशाख मंचावर आणला आणि शिवणीशिवायही अंगाभोवती आकार उभा करता येतो हे दाखवले.

४ मे ते ४ सप्टेंबर २०१७ या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कावाकुबो यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. हयात असलेल्या एकाच डिझायनरला तिथे असा मान मिळाला होता तो त्याआधी फक्त एकदा, १९८३मध्ये इव्ह सां लोराँ यांना. ज्या कपड्यांतले पॅड काढून छायाचित्रे छापली गेली होती, ते तिथे पॅडसह मांडले होते.

आपल्याकडे मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या संस्था आता पुष्कळ आहेत. तिथे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकाच ठरीव मापाच्या डमीवर कापड बसवायला शिकतात. माझी या शिक्षकांना विनंती आहे की, वर्षातून एखादा महिना त्या डमीवर पॅड बांधा. पाठीला बाक द्या, एक खांदा उतरवा, पोट पुढे आणा, आणि त्या अंगावर बेतलेला ब्लाउज विद्यार्थ्यांकडून शिवून घ्या. मग तो ज्या आजीला नीट बसेल, तिला घालायला द्या.